बिनदाराची खोली

१

एकोणीसशे शहाण्णव साल, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. पाऊस पूर्ण उघडला होता. सकाळी तोंडातून वाफ निघायची आणि दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागायच्या. घर बांधायला घ्यायचं तर याहून चांगले दिवस नाहीत.

वस्तादानं उभी हयात ट्रकवर काढली होती. वस्ताद हे नाव त्याला क्लीनर लोकांनी दिलं आणि तेच चिकटलं. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे वस्ताद' म्हणायची. राहिला मात्र कायम भाड्याच्या खोल्यांत. किती बदलल्या ते त्यानं मोजलं नव्हतं, पण प्रत्येक घरमालकाचं तोंड लक्षात होतं. कुणी पाण्यावरून बोलला होता, कुणी भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावरून. शेवटच्यानं तर पोरगी मोठ्यानं हसते म्हणून कुरकुर केली होती. पोरीचं लग्न झालं, ती गेली, तरी ती कुरकुर वस्तादाच्या कानातून गेली नव्हती. आपलं घर बांधायचं, आणि एकदाच बांधायचं, असं त्यानं ठरवलं होतं. नंतर तोडफोड नाही. 'तेव्हाच असं केलं असतं तर' हे वाक्य त्या घरात कुणी बोलायचं नाही.

शहराच्या कडेला प्लॉट घेतला. आर्किटेक्टबाईनं नकाशा काढला. बाई तरुण होती, चटपटीत होती. तिनं कागद टेबलावर पसरला तेव्हा वस्तादानं तो वरवर पाहिला आणि घडी घालून परत दिला.

"कागदावर सगळ्याच खोल्या मोठ्या दिसतात," तो म्हणाला. "मला जमिनीवर काढून द्या."

"पाया खणायच्या आधी आखणी करतातच, वस्ताद."

"पायासाठी नाही. राहायला."

बाईला आधी कळलं नाही. मग कळल्यावर ती हसली, पण आखून दिलं. मिस्त्रीनं दोऱ्या ताणल्या आणि खेळाच्या मैदानावर टाकतात तशी पांढरी फक्की टाकून सगळं घर खऱ्या मापानं जमिनीवर काढलं. भिंतीच्या जागी पांढरी रेघ. दाराच्या जागी रेघेत फट.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद आणि त्याची बायको रोज तिथे राहायला जाऊ लागले. दोन खुर्च्या, स्टो, पाण्याची कळशी. सकाळी उजाडताना जायचं आणि दिवस मावळला की भाड्याच्या खोलीवर परत. वस्तादाचा नियम एकच होता. रेघ ओलांडायची नाही. यायचं-जायचं दारातूनच.

"अहो, लोक हसतायत," बायको म्हणाली. ती बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला उगाच मोठा वळसा घालत होती.

"हसू दे. आत्ता भिंतीतून चालायची सवय लागली तर उद्या कपाळमोक्ष होईल."

"मग दार वाजवून आत येऊ का?"

"आवाज तू तोंडानं काढ."

तिनं खरंच तोंडानं टकटक आवाज काढला आणि दोघंही हसली. वस्ताद फार हसणारा माणूस नव्हता.

२

या राहण्याचा फायदा पहिल्या आठवड्यातच दिसला. ओट्यापाशी उभं राहिलं की बायकोला फक्त शेजारच्या प्लॉटवरचा कचरा दिसे. खिडकी दुसऱ्या भिंतीत गेली, आता तिला रस्त्यावरची वर्दळ दिसणार होती. न्हाणीचं दार बैठकीतल्या खुर्चीसमोर येत होतं. ते फिरवलं. वस्ताद झोपायच्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला तेव्हा कळलं की पहाटेचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. ट्रकवर त्यानं असं ऊन खूप खाल्लं होतं. ती खिडकीही हलली. एकेक गोष्ट ठरत होती, आणि ठरली की ठरली. आर्किटेक्टबाई येऊन बघायची आणि मान हलवायची.

"माझी इतर गिऱ्हाईकं फक्त फरशीच्या रंगावरून भांडतात," ती म्हणाली.

"त्यांना कुणी खोलीतून काढलेलं नसेल," वस्ताद म्हणाला.

एकच गोष्ट ठरत नव्हती. मागच्या कोपऱ्यातली लहान खोली. वस्तादाला तिथे हत्यारं आणि जुने पार्ट ठेवायचे होते. बायकोला गाद्या आणि डबे. बाईचं म्हणणं, पाहुण्यांची खोली करा.

"पाहुणा आला की गेला पाहिजे," वस्ताद म्हणाला. "खोली दिली की बसतो."

हत्यारं ठेवायची तर दार अंगणात हवं, गाद्या ठेवायच्या तर आतल्या बोळात. ते ठरेना म्हणून दारच ठरेना. मिस्त्रीनं त्या खोलीच्या चारही रेघा अखंड ठेवल्या. सगळ्या घरात तेवढीच एक खोली बिनदाराची.

एका सकाळी दोघं आली तेव्हा त्या खोलीच्या रेघेत फट होती. बोळाच्या बाजूला. बरोबर दाराएवढी.

"तू उघडलंस?" वस्तादानं विचारलं.

"मी कशाला? मला दार बोळातच हवंय, पण या टोकाला नको, डबे अडकतील."

कुत्रं लोळलं असेल. पण कुत्रं लोळलं की फक्की पसरते. इथे फटीच्या दोन्ही कडा हातानं निपटून घेतल्यासारख्या सरळ होत्या. वारा असेल, असंही वस्तादानं स्वतःला सांगून पाहिलं, आणि वारा एवढा सरळ कसा, असं त्याचं त्यालाच वाटलं. त्यानं मूठभर फक्की टाकून रेघ बुजवली.

दुसऱ्या दिवशी फट परत होती, आणि या वेळी पावलंही होती. फक्कीत पडलेली आणि पुढे धुळीत पांढरी उमटलेली. बायकी पावलं, अनवाणी. ती रस्त्यावरून आली होती, घराच्या मुख्य दारातून आत शिरली होती, बैठकीतून काटकोनात वळून बोळात आली होती. एकही रेघ त्यांनी ओलांडली नव्हती. एक पाऊल पुरतं उमटलं होतं. दुसऱ्याचा फक्त अंगठा होता आणि मागे ओढत आणल्याचा पट्टा.

पावलं त्या खोलीत गेली होती. बाहेर आली नव्हती.

 बायकोनं स्टो उचलला आणि दारातूनच, वळसा घालून, बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

३

"कुणीतरी गंमत करतंय," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही इथे नवराबायको घर-घर खेळता, वस्ताद, तर आणखी कुणालातरी खेळावंसं वाटलं."

वस्तादाला हे पटलं, कारण त्याला पटवून घ्यायचं होतं. तरी एक गोष्ट तो मिस्त्रीशी बोलला नाही. रस्त्यावरचं एक तपकिरी कुत्रं सगळ्या प्लॉटवर कुठूनही कुठेही फिरायचं. रेघ त्याला ठाऊक नव्हती. पण त्या खोलीपाशी आलं की थांबायचं, कान पाडायचं आणि कडेकडेनं वळसा घालून जायचं. माणूस बसलेला असला की कुत्रं जातं तसं.

"ती खोली काढून टाका," बायको म्हणाली. "स्वयंपाकघर मोठं करा. मला एवढं कळतं की आपण राहायला येण्याआधीच तिथे कुणीतरी राहायला आलंय."

"घर माझं. त्यात कोण राहणार ते मी ठरवणार."

"तेच म्हणतेय मी. ठरवा."

वस्तादाचं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. आयुष्यभर दुसऱ्यांनी त्याला इथे राहा, इथून ऊठ म्हणून सांगितलं होतं. आता जागा त्याची, पैसा त्याचा, आणि दार कुठे असावं हे दुसरंच कुणी ठरवत होतं. त्यानं आर्किटेक्टबाईला निरोप दिला. खोली रद्द नाही करायची, नकाशा तसाच ठेवायचा, पण तिला दार द्यायचं नाही. चारही भिंती बंद. वर स्लॅब. काय आत येतंय ते बघू.

"बिनदाराची खोली?" बाई म्हणाली. "तिचा उपयोग काय?"

"उपयोग मी बघतो."

जानेवारीत पाया भरला. भिंती चढल्या. मिस्त्रीचा हात चांगला होता आणि काम ओळंब्यात होतं. कोपऱ्यातल्या खोलीची भिंत कमरेइतकी झाली त्या संध्याकाळी वस्तादानं स्वतः तिच्यावर पाणी मारलं.

सकाळी भिंतीत दार होतं.

विटा पाडलेल्या नव्हत्या. एकेक काढून, चिकटलेला सिमेंटचा माल खरवडून, बोळाच्या कडेला रचून ठेवल्या होत्या. एकीचाही कोपरा उडाला नव्हता. दुसऱ्याची वस्तू परत द्यायची असली की माणूस जपतो, तशा जपून.

मिस्त्री भडकला. "माझ्या माणसांनी हे केलेलं नाही. आणि वस्ताद, खरं सांगू, माझ्या माणसांना एवढं स्वच्छ येतही नाही."

"परत बांध. सिमेंट जास्त घाल."

परत बांधली. पाळतीला माणूस ठेवला. या वेळी भिंत जशीच्या तशी राहिली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. खांद्याइतकी झाली, डोक्याच्या वर गेली. वस्तादाला बरं वाटलं. त्यानं मिस्त्रीच्या माणसांना चहा सांगितला आणि बायकोला म्हणाला, "बघितलंस? संपलं."

४

त्याच दुपारी मिस्त्री आणि त्याची माणसं जेवायला रस्त्यापलीकडे गेली होती. वस्ताद एकटाच स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसला होता. डोक्यावर अजून छप्पर नव्हतं, निळं आभाळ होतं. त्याला झाडूचा आवाज आला.

त्यानं आधी लक्ष दिलं नाही. बांधकामावर झाडू असतोच. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज पाठीमागून येतोय. पाठीमागे भिंत होती, आणि भिंतीपलीकडे बिनदाराची खोली.

सर्र. सर्र. मग थोडं थांबणं. मग पाय ओढल्याचा आवाज. पुन्हा सर्र. सर्र.

रोजचं झाडणं. घाई नाही, राग नाही. आवाज एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, वळला, परत आला, आणि वस्तादाच्या पाठीशी, एका विटेच्या अंतरावर, थांबला. तिथे कुणीतरी झाडू ठेवला. मग काम झाल्यावर बाई टेकते तसं कुणीतरी टेकलं, आणि 'हुश्श' असा श्वास सोडला.

वस्तादाची पाठ भिंतीला लागलेली होती. पलीकडची पाठही भिंतीला लागली होती.

घाट उतरताना एकदा त्याच्या ट्रकचा ब्रेक गेला होता. तेव्हाही तो असा गार पडला नव्हता. भिंत उघडली नाही म्हणून तो खूश झाला होता. ती का उघडली नाही, ते आता त्याला कळलं. बाहेरून आत यायचं असतं तेव्हा दार लागतं.

त्यानं वर पाहिलं तर बायको समोर उभी होती. ती जेवण घेऊन आली होती. डबा तिच्या हातात होता आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही तिला आत कोंडलंय," ती हळू आवाजात म्हणाली.

"कुणाला? कुणी नाहीये."

"मग बसा टेकून."

वस्ताद टेकला नाही.

"ऐका," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर मी कुठल्या कुठल्या खोलीत राहिले. गळकी म्हटली नाही, अंधारी म्हटली नाही. पण या घरात मी पाऊल टाकणार नाही. आत जे आहे ते मिटवा, नाहीतर तुमचं घर तुम्हाला लखलाभ."

डबा चौथऱ्यावर ठेवून ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला जेवायला वाढल्याशिवाय गेली.

वस्ताद डब्याकडे बघत बसला. मोठी खिडकी तिच्यासाठी, ओटा तिच्या उंचीचा, आणि तीच नसली तर हे सगळं बांधायचं कुणासाठी? तो उठला. मिस्त्रीची शिडी भिंतीला लावली आणि वर चढून आत डोकावला.

खोलीत कुणी नव्हतं. भर दुपार होती, सगळं लख्ख दिसत होतं. जमिनीवर सिमेंटचा कणसुद्धा नव्हता. झाडूचे फराटे एकसारखे, ओळीनं. आणि भिंतीला लागून, जिथे दार असायला हवं होतं अगदी तिथे, एक वीट आडवी ठेवलेली होती. विटेवर सिमेंटचं रिकामं पोतं, चौकोनी घडी घातलेलं. उशी.

वस्तादानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

५

ती उशी त्यानं पाहिली होती.

तो लहान असताना बापाला खोलीतून काढलं होतं. थंडीचे दिवस, आई आजारी, भांडी रस्त्यावर. कारखान्याचं अंगण झाडणारी एक बाई होती. एक पाय ओढत चालायची. तिची स्वतःची एवढीशी खोली होती. तिनं ती खोली यांना दिली आणि स्वतः सगळा हिवाळा दाराबाहेर झोपली, विटेवर पोत्याची घडी घालून. आईला अपरात्री उठून बसलेली पाहून ती बाहेरून म्हणायची, "कडी आतून लावून घे गं. मला काही होत नाही."

बापाला दुसरीकडे जागा मिळाली तेव्हा तो पैसे द्यायला गेला. बाईनं घेतले नाहीत. "जागेचे पैसे मी घेत नसते," ती म्हणाली. "जागा दिलीय. कधी झाली तुमची, तर जागा द्या."

बाप पुढे तिला शोधायला गेला होता. ती खोली पाडलेली होती आणि बाईचा पत्ता कुणालाच नव्हता. मरताना बाप फारसं बोलला नाही. "तेवढं राहिलं," एवढंच म्हणाला. वस्तादानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाकडून घेतलेलं बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, बायकोपुढेसुद्धा.

तीच बाई, असं तो छातीवर हात ठेवून म्हणू शकला नसता. ती आता असती तर किती वर्षांची असती, असली तर इथे कशी येईल, बंद खोलीत कशी उतरेल, हे सगळं त्याच्या मनात आलं.  पण घेणेकऱ्यानं दार वाजवलं की त्याला तू कसा आलास हे कुणी विचारत नाही.

तो खाली उतरला. मिस्त्री जेवून हात पुसत येत होता.

"ही भिंत फोड. इथे दार काढ."

"दार? अहो, कालपर्यंत तर तुम्ही—"

"काल मी चुकलो."

मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. वस्ताद शब्द फिरवतो हे त्यानं ऐकलंही नव्हतं, मग चुकलो म्हणतो ही तर पुढची गोष्ट.

संध्याकाळी वस्तादानं बायकोला सगळं सांगितलं. त्याला सांगता येत नव्हतं, तरी सांगितलं.  ऐकून ती म्हणाली, "त्या खोलीत खिडकी आहे?"

"नाही."

"मग काढा. आणि आपण नवी खाट घेतलीय ना, ती तिथे जाईल. आपण जुनीवर झोपू."

"जुनी करकरते."

"तुम्हीपण करकरता. मी झोपतेच की."

आर्किटेक्टबाईनं नकाशा पुन्हा काढला. या खोलीचं नाव काय लिहू, तिनं विचारलं. वस्ताद म्हणाला, "काही लिहू नका. दिली, एवढं पुरे."

सुतारानं घरातलं सगळ्यात चांगलं लाकूड त्या दाराला लावलं. कडी आतून बसवली. बाहेरून काहीच नाही, ना कोयंडा, ना मूठ.

"वस्ताद, मग बाहेरून कुलूप कसं लावणार?" सुतारानं विचारलं.

"लावायचंच नाही. ही खोली बाहेरून कुणी बंद करायची नाही. मीसुद्धा."

भिंतीत दार काढल्यापासून कामात एकही अडचण आली नाही. स्लॅब एका दमात पडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मिस्त्री म्हणायचा, रोज सकाळी यावं तर सगळं बांधकाम झाडलेलं असतं, तुमचा पाळतीवरचा माणूस भारी आहे. पाळतीवरचा माणूस केव्हाच काढला होता, हे वस्तादानं त्याला सांगितलं नाही.

६

पावसाळ्याआधी घर उभं राहिलं.

लोक बघायला आले. सगळ्यांनी भिंतींवर हात फिरवून पाहिले. आर्किटेक्टबाई दुसरी गिऱ्हाईकं घेऊन आली आणि ओट्यापाशी उभी राहून त्यांना म्हणाली, "बघा, खिडकी कुठे हवी हे असं ठरवायचं असतं." पोरगी आली आणि बैठकीत उभी राहून मुद्दाम मोठ्यानं हसली. आवाज सगळ्या घरात घुमला. वस्ताद म्हणाला, "आणखी मोठ्यानं." शेवटचा घरमालकही आला, फरशीकडे बघत खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाणी मागितलं. वस्तादानं स्वतः आणून दिलं.

"छान बांधलंत," घरमालक म्हणाला.

"खिळे कुठेही ठोकता येतात," वस्ताद म्हणाला.

सगळे गेले तेव्हा ऊन कललं होतं. बायको अजून उंबऱ्याबाहेरच होती. दिवसभर ती अंगणात उभी राहून लोकांशी बोलली होती. आत आली नव्हती. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, वस्तादाच्या आलं होतं.

त्यानं कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन नवी खाट झटकली. बायकोनं बाहेरून दिलेली गादी घातली, वर धुतलेली चादर, आणि डोक्याशी कापसाची उशी. पाण्याची कळशी भरून ठेवली. खिडकी उघडली. मग बाहेर आला, दार अर्धं उघडं ठेवलं आणि बैठकीत येऊन बोळाकडे पाठ करून बसला.   समोर उघड्या दारात बायको उभी होती.

बराच वेळ काही झालं नाही. नव्या चुन्याचा वास होता. रस्त्यावरून एक सायकल गेली.

मग मुख्य दारातून, बायकोच्या अगदी जवळून, गार हवा आत आली. बायको एक पाऊल बाजूला सरली, वाट दिल्यासारखी. तिचे डोळे मोठे झाले, पण ती ओरडली नाही. नव्या फरशीवर एक पाऊल वाजलं. आणि एक ओढलं गेलं.

वस्तादाच्या खुर्चीजवळून ते गेलं. तो मान वळवणार नव्हता, पण वळली. बोळाच्या टोकाला दाराआड शिरणारी एक टाच त्याला दिसली. भेगाळलेली, म्हातारी टाच, फक्कीनं पांढरी झालेली. आणि दाराच्या कडेवर चार बोटं. त्या बोटांनी दार आतून हळूच ओढून घेतलं.

खाट वाजली. 'हुश्श' ऐकू आलं.

मग आतून कडी लागली.

उंबऱ्याबाहेर बायकोनं चपला काढल्या. पदर सारखा केला, आणि उजवं-डावं काही न बघता सरळ घरात आली.

"फिटलं," वस्ताद म्हणाला.